बल्गेरियन मुलांच्या पंगतीत

मी जातीच्या सभेत खोटे बोललो आणि त्याची शिक्षा माझ्या मित्राला झाली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचे लिहिताना मी स्वतःला सोयीचे वळण देत बसेन.

आम्ही दोघे रेवसजवळच्या एकाच गावचे, एकाच जातीचे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत शिक्षण स्वस्त पडते असे कळले, म्हणून बरोबरच तिकडे गेलो. मी रसायन शिकत होतो, तो शिक्षणशास्त्र. आम्हाला खोल्या मिळाल्या त्या घरात बहुतेक बिऱ्हाडे बल्गेरियन विद्यार्थ्यांची होती. कुणाचा बाप तंबाखू पिकवणारा, कुणाचा मेंढपाळ. रविवारी ते घेवड्याच्या दाण्यांचे मोठे पातेले चढवत; हात सैल असला की त्यात डुकराचे मांस पडे. मग जेवता जेवता भांडण चाले, आपल्या देशाला आधी डॉक्टर हवेत की इंजिनियर की शाळामास्तर. त्यांचा देश नुकता कुठे स्वतःच्या पायावर उभा राहत होता आणि तो चालवणारी माणसे आपणच होणार, हे ते धरूनच चालले होते.

सुटीत घरी जाणाऱ्याने गावच्या वाचनघरात जाऊन वर्षभराचे शिक्षण सोप्या भाषेत सांगायचे, अशी त्यांच्यात रीत होती. "प्राध्यापक परवडले," एक जण म्हणे, "माझी आजी पहिल्या बाकावर बसते आणि मधेच विचारते, याचा आपल्या गाईला काय उपयोग?"

माझ्या मित्राला या वाचनघराने वेड लावले. "आपल्याकडे हेच करायचं. विज्ञान तू सांगायचंस, बाकीचं मी बघतो." मी त्याच्या हातावर हात मारला.

मांसाला मी पहिल्याच महिन्यात हात लावला. त्याने कधीच लावला नाही. तसल्या रविवारी तो पाव आणि चीज खाई. पण बसे त्यांच्याच टेबलाशी.

परत आलो तेव्हा रेवसच्या धक्क्यावर काका उभा होता. "घरात शिरू नकोस. आधी सभेपुढे ये." समुद्र ओलांडल्याचे प्रायश्चित्त घ्यायचे होते. धाकट्या बहिणीचे लग्न पालीकडच्या घरात ठरले होते आणि मी शुद्ध झालो नाही तर ते मोडणार होते. मित्राने प्रायश्चित्ताला साफ नकार दिला होता. तो सभेला आलाच नाही.

"तिकडे जेवण कुणाच्या हातचं?" प्रमुखांनी विचारले.

"माझ्याच. स्टोव्हवर भात करत होतो."

"नुसत्या भातावर एवढं अंग भरलं?" कोपऱ्यातून कुणीतरी म्हणाले.

"बटाटे होते ना," मी म्हणालो. सगळे हसले आणि मला धीर आला.

"आणि तो?"

"तो त्यांच्या पंगतीत बसायचा."

हे खरे होते. म्हणूनच ते इतके वाईट होते.

मी पंचगव्य घेतले, बहिणीचे लग्न झाले. मित्राला वाळीत टाकले. त्याने घरच्या ओटीवर वाचनघर काढलेच, पण जातीतल्या कुणी तिथे मुले धाडली नाहीत. कोळीवाड्यातली मुले येऊ लागली, पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की त्यांचे बापही. त्यांतले काही पुढे मॅट्रिक झाले, एक मास्तर झाला. मी मुंबईत रंगाच्या कारखान्यात नोकरी धरली. गावी गेलो की त्याचे घर चुकवून मागच्या वाटेने जात असे.

बऱ्याच वर्षांनी बहिणीच्या धाकट्या मुलाची मुंज आमच्याच गावात झाली. पंगतीत तीच माणसे होती, आता म्हातारी झालेली. मी मोठ्याने म्हणालो, "तिकडे मांस मी खाल्लं होतं. त्यानं नाही."

वाढणारा थांबला. जुने प्रमुख वैतागले. "अरे, पानावर बसून काय हे! आमचा नातू मुंबईत इराण्याकडे आम्लेट खातो. भात घे मुकाट्यानं."

इतक्या सहज सुटलो. कबुलीसाठी काही किंमत मोजावी लागणार नव्हती, अशा वेळी मी ती दिली होती. पण त्यालाही पंगतीला बोलवा, असे मात्र कुणी म्हटले नाही. मी पानावरून उठलो आणि त्याच्या घरी गेलो.

तो ओटीवर पुस्तके झटकत होता. "काय रे, पंगत सोडून?"

मी काय बोलून आलो ते सांगितले. त्याने हातातले पुस्तक खाली ठेवले.

"बहिणीचं लग्न होतं. ते मला तेव्हाही कळलं होतं," तो म्हणाला. "पण तू इथं यायला काय झालं होतं? शनिवारी विज्ञान, म्हणून फळ्यावर तुझं नाव लिहून ठेवलं होतं मी. पोरं विचारायची, हे कधी येणार? शेवटी पुसून टाकलं."

"माझं चुकलं," मी म्हणालो. "इतकी वर्षं बहिणीचं नाव पुढे करत आलो. खरं म्हणजे मीच भ्यायलो होतो, आणि स्वतःला वाचवायला तुला पुढे ढकललं. मला माफ कर."