हसनाबादच्या ताहेरानं निवडलेली तार

हिरवा पडदा सरकला, कड्या खळखळल्या, आणि जालन्याच्या दवाखान्यातल्या त्या खोलीत, ट्यूबलाइटच्या झगझगाटात ताहेरा येऊन उभी राहिली. एकतीस वर्षांची शिवणकाम करणारी बाई. गळ्यात मापाची टेप. हसनाबादहून पहिली बस गाठायच्या घाईत ती काढायचीच राहिली होती.

गर्भपिशवीच्या तोंडावर डाग निघाला होता. कॅन्सर नव्हे, पण तसाच ठेवला तर पुढे होऊ शकेल असा. गावात त्यावरचा इलाज ठरलेलाच. शेजारच्या गोपिकाबाईंनी अंगणातूनच सांगून टाकलं होतं, "पिशवीच काढून टाक, पोरी! म्या अठ्ठाविसाव्या वर्षी काढली. कटकटच न्हाई."

पण लग्नाला सात वर्षं होऊनही ताहेराच्या घरात पाळणा हलला नव्हता. पिशवी गेली की आसही गेली. बाहेर बाकावर तिचा नवरा इस्माईल नुसता टोपी फिरवत बसला होता.

"डॉक्टरीणबाई, डागापुरतंच कापता येत न्हाई का?"

"येतं की," डॉक्टर साधना म्हणाल्या. "डाग गोठवूनही मारता येतो. पण तुझा आत वळलाय, तिथवर गारवा पोचायचा नाही. सुरीनं शंकूसारखा तुकडा काढता येतो. त्यात रक्त जरा जास्त जातं. आणि ही तिसरी." त्यांनी दाखवायला ठेवलेली बारीक तारेची कडी पुढे केली. "जागा बधिर करायची, विजेच्या तारेनं कापायचं. संध्याकाळी घरी."

"मंग गुण कशानं जास्त?"

"सुरी आणि तार, गुणात फारसा फरक नाही. मात्र जितकं खोल कापावं, तितकी पुढं दिवस भरायच्या आधीच बाळ येण्याची भीती. म्हणून लागेल तेवढंच."

ताहेरानं तार बोटांत फिरवली. "कडेनं चांगलं कापड किती घेणार?"

डॉक्टरांना कळेना. ताहेरानं टेपेचं टोक उचललं. "डाग कापायचा तर चोहोबाजूंनी जरासं चांगलं कापड घ्यावं लागतं. न्हाईतर कडेला राह्यलेला वर येतो."

"हे तुला कुणी शिकवलं गं?"

"हळदीच्या डागानं!"

डॉक्टर साधना मोठ्यानं हसल्या. बाहेर बाकावर इस्माईलनं ते हसणं ऐकलं आणि टोपी डोक्यावर घातली.

तारेनं काम पाव तासात झालं. तीन आठवड्यांनी कापलेल्या तुकड्याच्या तपासणीचा कागद आला: कडा स्वच्छ. पुढच्या तपासणीची तारीख ताहेरानं मशीनच्या वर भिंतीवर खडूनं लिहून ठेवली. त्या दिवशी ती जाऊनही आली. तीही तपासणी साफ निघाली.

दुसऱ्याच दिवशी गोपिकाबाई सुनेला घेऊन दारात हजर. प्रांजली, सव्वीस वर्षांची, मान खाली.

"हिच्या अंगावरून पांढरं जातंय. सोमवारी पिशवी काढून राह्यलो. एक सैल गाऊन शिवून दे, जल्दी."

ताहेरानं हातातली कातर मशीनवर ठेवली.

"माप मंग घेते, गोपिकाबाई. पहिले सांगा, तपासणी केली का हिची? न्हाई ना? मंग सोमवारी डॉक्टरीणबाईंकडं चला, मीबी येते सोबत."