वागीयेममावशीच्या घराची उंची

आमच्या गावात पाहुणा आला की पाय धुवायला सांगत नाहीत, डोकं सांभाळायला सांगतात. जावाच्या उत्तर किनाऱ्यावरची आमची जमीन खचत चाललीय आणि समुद्र दुपार झाली की घरोघर चौकशीला येतो. मग माणसं होडीनं माती आणून घरात भराव टाकतात. जमीन वर येते. छप्पर आहे तिथंच राहतं.

या कामात वागीयेममावशी सगळ्यांच्या पुढं. ती लग्न होऊन आली तेव्हा दारात मिरच्या आणि मागं भातखाचरं होती म्हणे. आता तिथं खेकडे नांदतात. जवळा वाटून त्याचे गोळे उन्हात घालायचे, पश्चिमेचा पाऊस दिसला की धावत आत घ्यायचे, आणि भरती उंबऱ्याला लागली की मातीची होडी मागवायची, असं तिचं चाललेलं. खिडक्या गुडघ्याखाली गेल्या तेव्हा म्हणाली, बरं झालं, निजल्या निजल्या बाहेर बघता येतं. पलंग देऊन टाकला, कारण त्यावर बसलं की डोकं वाशाला लागे.

तिची मुलगी सुलास्त्री तैवानात म्हाताऱ्यांची सेवा करायची. कित्येक वर्षांनी ईदेला घरी आली. फोनवर आई रोज दिसायची, पण बसलेली, मागं भिंत. बसलेल्या माणसाचं घर केवढं आहे ते कळत नाही.

साकवाच्या फळ्यांवरून ती आली आणि दारासमोर थबकली. दार तिच्या छातीएवढं. भलत्याच घरी आलो असं वाटून तिनं मला, म्हणजे शेजाऱ्याला, विचारलंसुद्धा. म्हटलं, घर तेच आहे, सुलास्त्रीताई, तूच वाढलीस. ती हसली नाही. ओणवी होऊन आत गेली, सवयीनं उभी राहिली आणि कपाळ आपटून मटकन खाली बसली. बाप ज्या वाशाला तिचा झोका बांधायचा, तोच वासा होता तो.

तिनं डोंगराच्या बाजूला खोली घेतली होती, आईला न्यायलाच आली होती. मावशी ऐकेना. उद्या माती येतेय, एक थर पडला की निभेल, म्हणाली. आणखी एक थर पडल्यावर आत जाणार कशी, असं लेकीनं विचारलं. रांगत, मावशी म्हणाली, तूही याच घरात रांगलीस.

दुसऱ्या दिवशी मातीची होडी लांबून दिसली तशी सुलास्त्रीनं आईला हाताला धरून साकवावर आणलं.

"आई, इथं वर वासा नाही, आभाळ आहे. आता तरी सरळ उभी राहा ना."

"उभीच आहे की सरळ," मावशी म्हणाली.

सुलास्त्रीचा हात तोंडावर गेला. माझं काय सांगू? पन्नाशीची बाई, रोज डोळ्यांसमोर. पण गावात सगळेच वाकून निघतात, त्यात कोण परत सरळ होत नाही हे बघतो कोण?

मावशीनं मान कलती करून लेकीचा चेहरा पाहिला. मग हात मागं नेऊन स्वतःची पाठ चाचपली, दुसऱ्या कुणाची चाचपावी तशी.

होडी फळीला लागली. होडीवाल्या सुरोतोनं विचारलं, माती कुठं ओतू? त्यानं पुन्हा विचारलं.

"मशिदीत ने," मावशी म्हणाली. "तिथं लोक वाकायलाच येतात."

आणि आपला पाटा-वरवंटा आणायला ती आत गेली. दाराशी तिला वाकावं लागलं नाही.