सासूच्या नावाचं बारसं

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. म्हणून असेल, इथे जर्मनीत, कायझर्सलाउटर्नमध्येही एखादं अवघड काम निघालं की लोकांना वाटतं, हिला जमेल. मला स्वतःला तसं कधी वाटत नाही.

खालच्या मजल्यावरच्या दादाच्या मुलीचं बारसं होतं. दादाला बहीण नाही, तेव्हा आत्या मी. पाळणा फुलांनी सजला होता, शेगडीवर घुगऱ्या शिजत होत्या. कानात सांगायचं नाव मात्र वहिनी आयत्या वेळी सांगणार होती.

वहिनी ग्रीक, जर्मनीतच वाढलेली. तिनं हसत सांगितलं, "नाव आईंचंच!" त्यांच्यात पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव देतात. आजी हयात असली तर तो तिचा मोठाच मान.

पुण्याहून आलेल्या काकूंच्या, म्हणजे दादाच्या आईच्या, हातातली पळी थांबली. "अगं बाई, मी अजून आहे ना! आणि उद्या ही खोड्या करायला लागली की सूनबाई माझ्या नावानं ओरडणार?"

जर्मनमध्ये सांगताना मी ते जरा मऊ केलं. तरी वहिनीचे डोळे भरले. दादा जर्मनमध्ये "आल्झो...", म्हणजे "तर मग...", एवढंच म्हणाला आणि घुगऱ्या ढवळायला गेला. पाहुणे यायला लागले होते. दोघींपैकी एक नक्की दुखावणार होती, आणि मध्ये मी.

काकूंच्या नावाचा अर्थ शांती. मी चाचरत वहिनीला विचारलं, "ग्रीकमध्ये शांतीला काय म्हणतात?"

"इरिनी," ती म्हणाली, आणि स्वतःच चमकली. "पण ते तर नावच आहे! शांतीच्या जुन्या देवीचं!"

जर्मन लोक त्याचं इरेने करतात, रशियन इरीना, इंग्रज आयरीन. वहिनीच्या माहेरी लाडानं रेना. मी काकूंना एकेक सांगत गेले. बांगडी हातात चढते का बघावं तसं त्या प्रत्येक नाव पुटपुटून बघत होत्या.

"म्हणजे नाव माझंच?"

"तुमचंच, काकू."

"आणि हिच्यावर ओरडता येईल?"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" स्वयंपाकघरातून दादा ओरडला.

मी बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं. आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत वहिनीला कुणीतरी शिकवली असावी. सगळ्यात जोरात तिचाच बसला. त्या गलक्यानं बाळ दचकून रडायला लागलं.

"इरिनी, श्श," वहिनी हळूच म्हणाली.

"असं नाही गं," काकू पाळण्याची दोरी ओढत म्हणाल्या. "चांगलं जोरात ओरड. माझी काळजी नको."