माझ्या घरातला प्रार्थनेचा विषय

आमच्या मंडळीतल्या बायकांची गुरुवारची प्रार्थनासभा कोणाच्या ना कोणाच्या घरी भरते, आणि विषयांची वही गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. कोणाचं ऑपरेशन, कोणाच्या मुलाची नोकरी, कोणाचा नवरा संध्याकाळी सरळ घरी येत नाही, हे सगळं वहीत उतरवायचं आणि एकेका विषयावर प्रार्थना करायची. नाव मात्र घ्यायचं नाही, असा आमचा नियम. "आपल्यातली एक बहीण" एवढंच म्हणायचं. मांजर्लीत राहणारी, सुनेशी न पटणारी, हल्लीच गुडघा बदललेली एक बहीण, असं म्हटलं की नियमही पाळला जातो आणि कोणाची गैरसोयही होत नाही. मी ही सेवा मनापासून केली. ही चहाडी नव्हे, असं मी स्वतःला फार पूर्वीच पटवून दिलं होतं.

माझ्या मुलाच्या लग्नाला सहा वर्षं होऊन गेली तरी घरात पाळणा हलला नव्हता. तो विषय वहीत पहिल्या पानावर होता. अशात अंबरनाथच्या आमच्या चर्चमध्ये महिलांच्या रविवारी संदेश द्यायला मला उभं केलं. शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या बाईला माइक दिला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, तरी दिला. मी शास्त्रातली ती गोष्ट घेतली, मूल होत नाही म्हणून जिने धीर सोडला आणि दासीलाच नवऱ्याकडे पाठवलं त्या बाईची. "आजच्या बायका दासीकडे जात नाहीत, डॉक्टरकडे जातात," मी म्हटलं. "काचेच्या बशीत माणूस घडवायचा, चांगला दिसेल तो ठेवायचा, उरलेले फेकून द्यायचे! बहिणींनो, दोन पेशी एक झाल्या त्या क्षणापासून देवाच्या लेखी तो जीव आहे. तिथून पुढे तो तुमचा माल नाही." सगळीकडून जोरात आमेन आलं. हे ज्ञान मी कुठून आणलं होतं म्हणाल, तर अर्धं फोनवरच्या एका व्हिडिओतून आणि अर्धं खालच्या मजल्यावरच्या कॅथलिक बाईंकडून. त्यांच्या चर्चमध्ये हा उपचार मुळातच मना आहे, असं त्यांनी मला जिन्यात सांगितलं होतं.

सून तिसऱ्या बाकावर होती. घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, चांगलं बोललात." मला ते खरंच वाटलं.

त्यानंतर महिन्याभरात फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या डब्यामागे, मला इंजेक्शनचं पेन सापडलं. बाजूला बारीक सुयांची डबी. हे हयात असताना त्यांचं इन्सुलिन याच कप्प्यात असायचं, त्यामुळे मला कोणाला विचारायची गरज भासली नाही. एवढ्या तरुण वयात पोरीला साखर, आणि आपल्याला त्रास नको म्हणून बिचारी लपवतेय! मला भरून आलं. भरून आलं की मी गप्प बसत नाही, हा माझा जुना आजार. त्या गुरुवारी सून कामामुळे सभेला आली नव्हती, तेव्हा मी डोळे पुसत विषय मांडला, "आपल्यातल्या एका तरुण बहिणीला मधुमेह झाला आहे. ती माझ्याच घरात राहते."

शुक्रवारी सकाळपासून घरी कारली येऊ लागली. एकीने जांभळाच्या बियांची पूड आणली, एकीने भिजवलेल्या मेथ्या, एकीने नवऱ्याचं जुनं साखर मोजायचं मशीन. सून कामावरून आली तेव्हा दोन बहिणी तिची वाट बघत सोफ्यावर बसल्या होत्या, आणि त्यांनी तिचं बोट टोचून बघायचं ठरवलं होतं. तिने त्यांना चहा दिला, नमस्कार केला, दारापर्यंत सोडलं. मग दार लावून ती माझ्याकडे वळली.

"आई, ते इन्सुलिन नाही," ती म्हणाली. "आम्ही उल्हासनगरला ट्रीटमेंट घेतोय. टेस्ट ट्यूबची. तुम्ही ज्याच्यावर बोललात ना, तीच."

मी खुर्चीत बसले. पहिलं वाक्य माझ्या तोंडून निघालं ते असं, "तुझ्यात काय दोष निघाला?"

"माझ्यात नाही," ती म्हणाली. मुलगा आत बेडरूममध्ये होता आणि त्याने दार उघडलं नाही. सहा वर्षं मी वहीत "सुनेची कूस" असं लिहीत आले होते. तिला सगळं ठाऊक होतं, आणि दर गुरुवारी ती डोळे मिटून आमेन म्हणत होती. मला इतकी लाज वाटली की मी रात्रीच्या जेवणाला सगळीच्या सगळी कारली केली आणि एकटीने खाल्ली.

नंतर कळलं की आमच्या पाळकसाहेबांना दोन महिन्यांपासून माहीत होतं. दोघं आधी त्यांच्याकडेच गेले होते. ते म्हणाले होते, "नवरा-बायकोचंच असेल, तिसऱ्या कोणाचं नसेल, आणि जे घडवाल ते टाकणार नसाल, तर मी तुम्हाला अडवणार नाही. पण देवाला काय वाटतं ते मला पूर्ण कळलंय, असंही म्हणणार नाही." मंडळीत याहून कडक मताचे लोक आहेत आणि सैल मताचेही आहेत. मला त्यांच्या मताचं एवढं काही वाटलं नाही. दोन महिने ही गोष्ट त्यांच्या पोटात राहिली याचंच नवल वाटलं. मी असते तर दुसऱ्या गुरुवारीच फुटले असते.

पुढच्या खेपेला मी हट्टाने त्यांच्याबरोबर गेले. रिक्षात सुनेने एकच अट घातली, आत गेल्यावर बोलायचं नाही. दवाखाना एका जीन्सच्या दुकानाच्या वर होता. डॉक्टरीणबाई सिंधी, बोलायला गोड. स्क्रीनवर काळे गोळे दाखवत त्या म्हणाल्या, "देखो, दहा-अकरा अंडी मिळतील असं दिसतंय. सगळी फर्टिलाइज करू, त्यातले बेस्ट दोन पोटात टाकू, बाकी फ्रीज. एकदम सेफ."

"तीनच करा," सून म्हणाली. "दोन आत्ता, एक पुढच्या वेळेला. जेवढी पोटात घेणार तेवढीच करायची."

"बेटा, चान्स कमी होतो. सगळी टिकत नाहीत. तीनमधून एकही बनलं नाही तर?"

"चालेल. पण उरलेलं काही नको."

इथे माझ्याने राहवलं नाही. डोळ्यांसमोर अकरा नातवंडं ओळीने उभी होती. "अगं, सगळी करू देत ना!" मी म्हटलं. "डॉक्टर सांगतायत तर तू कशाला अडवतेस? उरली तर उरली, नंतर बघू काय करायचं ते."

डॉक्टरीणबाईंना मी फार समजूतदार वाटले. "मम्मीजी तो मॉडर्न हैं," त्या म्हणाल्या.

सून माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "आई, नंतर काय बघायचं? तुम्हीच म्हणालात ना, त्या क्षणापासून जीव आहे? मी त्या दिवसापासून तेच धरून बसलेय. तुम्हाला तसं वाटत नाही का?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे मी शाळेत फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. मी ते वाक्य आमेन मिळावं म्हणून बोलले होते आणि टाळ्यांसारखं घरी घेऊन आले होते. ज्या पोरीचं सगळं आयुष्य त्यावर अडलेलं होतं, तिने ते ऐकलं होतं. "वाटतं," मी म्हटलं, आणि मग खरंच गप्प बसले. तिने फॉर्मवर तीन लिहून सही केली.

तीनही तयार झाली. डॉक्टरीणबाईंनाही आश्चर्य वाटलं. दोन तिच्या पोटात ठेवली, एक तिथेच गोठवून ठेवलं. पुढचे दोन आठवडे मी तिला पाण्याचा तांब्याही उचलू दिला नाही, ती ओरडली तरी. गुरुवारी विषय विचारले तेव्हा मी माझी पाठदुखी सांगितली. बहिणींनी मला इतकी माया लावली की पाठ खरोखरच दुखायला लागली.

रिपोर्ट मुलाच्या फोनवर आला. त्याने तो वाचला आणि फोन टेबलावर उलटा ठेवला. सून वाळलेले कपडे घड्या करत होती. तिने हातातला टॉवेल पूर्ण घडी केला, मग म्हणाली, "आई, त्या दोघांसाठी प्रार्थना करा."

मी लोकांच्या नव्या रिक्षांसाठी प्रार्थना केली आहे. बोअरवेलला पाणी लागावं म्हणून केली आहे, एका बहिणीच्या हरवलेल्या मांजरासाठी केली आहे. त्या दिवशी मी डोळे मिटले आणि मला एक शब्द सुचला नाही. ज्यांना नाव नाही, चेहरा नाही, ज्यांचं दफन नाही, त्यांच्यासाठी काय म्हणतात ते मला कोणी शिकवलं नव्हतं. शेवटी सुनेनेच केली. "प्रभू, ते तुझेच होते. आम्हाला थोडे दिवस दिलेस, उपकार." एवढंच. मुलगा तोंड फिरवून रडत होता. मीही रडले. मी स्वतः माइकवर सांगितलेलं खरं धरलं, तर मी दोन आठवडे आजी होते, आणि माझ्याकडे कोणी समाचाराला येणार नव्हतं.

नंतरच्या एका गुरुवारी सभा आमच्याकडे होती. सोनिवलीच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलेल्या एक बाई पहिल्यांदाच आल्या होत्या. प्रार्थना झाली, चहा आला, आणि त्यांनी सगळे विचारतात तसं मला विचारलं, "नातवंडं किती तुम्हाला?"

बाकीच्या बहिणी एकदम कपात बघू लागल्या. माझं तोंड उघडलं, आणि मी सुनेकडे बघितलं. सांगायचं की नाही ते तिने ठरवायचं होतं. ती ट्रे घेऊन उभी होती.

"तीन," ती म्हणाली. "दोघं प्रभूजवळ आहेत. एक उल्हासनगरला."

त्या बाईंनी कप खाली ठेवला आणि माझा हात हातात घेतला. बराच वेळ सोडला नाही. मग हळूच विचारलं, "आणि उल्हासनगरचं केवढं आहे?"

"लहान आहे अजून," मी म्हटलं.