तेहतिसावी जोडी

माझा भाचा सैन्यात लेफ्टनंट झाला तेव्हा मी त्याला एक जाड, रेघांची वही दिली आणि सांगितलं, रोज रात्री स्वतःला दहापैकी गुण देत जा, माणूस सुधारतो. आयुष्यभर शाळेत शिकवलं की असले सल्ले तोंडातून आपोआप निघतात. अशी वही मी स्वतः तीनदा सुरू केली होती आणि एकदाही दुसऱ्या आठवड्याच्या पुढे गेले नव्हते, एवढं मात्र सांगायचं राहून गेलं. भाचा लहानपणापासून आज्ञाधारक. त्याने ती खरंच भरायला घेतली.

मागच्या महिन्यात तो रजेवर आला. डाव्या टाचेला पट्टी. स्वयंपाकघरात माझ्यासमोर स्टुलावर पाय ठेवून बसला आणि त्याने मला सगळी हकिकत सांगितली. सांगताना स्वतःच इतका हसत होता की दोनदा चहा सांडला.

छावणीतल्या त्याच्या खोलीत एक पलंग, एक टेबल, खिडकीखाली बुटांचे दोन जोड आणि भिंतीवर वेळापत्रक. पहाटे पाच ते सव्वापाच: आवाज. म्हणजे हुकूम देण्याचा आवाज. त्याचा मुळातच पातळ. आमच्या घराण्यात सगळ्यांचाच तसा. मी तो डस्टर आपटून झाकत असे, त्याला ती सोय नव्हती. म्हणून तो न्हाणीघरात नळ सोडून "सावधान!" असं ओरडायचा. शेजारच्या खोलीत पलटणीचे डॉक्टर राहत. चौथ्या दिवशी ते हनुवटीला कापूस लावून दारात उभे राहिले.

"तू ओरडतोस तेव्हा मी दाढी करत असतो," ते म्हणाले. "उद्यापासून 'विश्राम'चा सराव केलास तर बरं."

संध्याकाळी सहा ते साडेसहा: जवानांची चौकशी. त्याच्या तुकडीत हवालदार धरून बत्तीस जवान, रोज तिघांना विचारायचं, घरचे कसे आहेत, काही अडचण आहे का. वहीत खुणा करताना घोटाळा झाला आणि एकाच जवानाला त्याने लागोपाठ तीन दिवस आईच्या गुडघ्याबद्दल विचारलं. तिसऱ्या दिवशी तो जवान म्हणाला, "साहेब, गुडघा कालच्याइतकाच दुखतोय. काही फरक पडला तर मी स्वतः येऊन सांगतो."

पाठीमागे जवान त्याला 'वहीवाले साहेब' म्हणत. हे त्याला ठाऊक होतं. टोपणनाव पडलं म्हणजे जवळीक वाढली असा हिशेब करून वहीतल्या चौकशीच्या रकान्यात त्याने स्वतःला सहा गुण दिले होते.

आणखी एक रकाना होता: तक्रार करायची नाही. तिथे तो रोज दहापैकी दहा घेत असे. तोच अंगाशी आला.

पलटणीत वर्षातून एकदा लांब मार्च असतो. पाठीवर ओझं घेऊन चाळीस किलोमीटर, आठ तासांच्या आत, सगळी तुकडी एकत्र. वेळ धरतात ती शेवटच्या माणसाची. निघालेल्यांपैकी एक जरी वाटेत बसला तर सगळी तुकडी नापास. आणि जो अधिकारी हा मार्च पुरा करत नाही, त्याच्या हातात तुकडी राहत नाही. भाच्याला ती तुकडी हवी होती. गुडघा, वही, टोपणनाव सगळ्यासकट हवी होती.

त्याआधी आठवडाभर सराव. सरावाच्या आदल्या दिवशी त्याने बूट या विषयावर वीस मिनिटांचं भाषण दिलं. "नवा बूट घालून कुणीही मार्चला यायचं नाही. नवा बूट म्हणजे नवा पाहुणा. आधी आठ दिवस घरात वावरू द्या, स्वभाव कळू द्या, मगच प्रवासाला न्या." जवान हसले. त्याने वहीत आठ गुण मांडले.

आणि दुसऱ्या दिवशी हाच महाभाग नवे बूट घालून तुकडीच्या पुढे उभा!

"का रे बाबा?" मी विचारलं.

"आत्या, जुने बूट टाचेकडे पांढरे पडले होते. तुकडीच्या सगळ्यात पुढे मी. मागचे बत्तीस जण माझ्याच टाचा बघणार. बरं दिसेना."

पंचवीस किलोमीटरमध्ये बूट असा चावला की डाव्या टाचेला फोड आला, फुटला, आणि त्याखाली दुसरा आला. आता सैन्यात एक रीत आहे. चालून आल्यावर जवान बाकावर ओळीने बसतात, बूट-मोजे काढतात आणि त्यांचा अधिकारी एकेकासमोर गुडघा टेकून त्यांचे पाय तपासतो. बोटांच्या बेचकीत बघतो, टाच दाबून बघतो, गरज वाटली तर डॉक्टरांकडे पाठवतो. भाचा हे काम मनापासून करत असे. कुणाचा अंगठा वाकडा, कुणाच्या तळव्याला भोवरी, सगळं पाठ. अधिकाऱ्याचे पाय मात्र कुणी तपासत नाही. डॉक्टर भिंतीपलीकडे होते. पण तिकडे जाणं म्हणजे तक्रार. त्याने टाचेला कापूस चिकटवला, जुने बूट चढवले आणि पुढचे पाच दिवस तसेच काढले.

मार्चच्या दिवशी सकाळी, निघायला अर्धा तास असताना, पायांची शेवटची तपासणी झाली. तो उठून उभा राहिला. बाजूला तुकडीचे हवालदार होते. भाचा पाळण्यात होता तेव्हापासून ते नोकरीत, बोलणं कमी.

"किती झाले, साहेब?"

"चौसष्ट पाय. सगळे उत्तम."

"सहासष्ट हवेत. आपण तेहतीस जण निघतोय."

"माझे ठीक आहेत, हवालदार."

"मग दाखवायला काय हरकत आहे? पाच दिवस बघतोय, तुम्ही जिना चढताना डावी टाच टेकवत नाही."

हवालदारांनी त्याला बसवलं, स्वतः गुडघा टेकला आणि बूट ओढला. मोजा टाचेला चिकटला होता. पाणी घालून सोडवावा लागला. टाच लालभडक, सुजलेली.

मागून एक आवाज आला, "साहेब, पाहुण्याचा स्वभाव कळला का?"

सगळा बाक फिसकन हसला. "मीही हसलो," भाचा म्हणाला. "दुसरं काय करणार? पाठांतर उत्तम होतं त्यांचं."

हवालदार हसले नाहीत. "दहा-बारा किलोमीटर चालाल तुम्ही. पुढे आम्ही उचलून नेऊ. नक्की नेऊ, साहेब, टाकून जाणार नाही. पण आठ तासांत नाही पोचणार. थांबा असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. माझा तो अधिकार नाही."

बाकीची माणसं बूट बांधायची थांबली होती. भाचा म्हणाला, तेवढा वेळ मला ना वही आठवली ना तू. मी म्हटलं, बरं झालं.

तो एक बूट पायात आणि एक हातात घेऊन, मार्चची यादी घेऊन बसलेल्या मेजरसाहेबांच्या टेबलापाशी लंगडत गेला. त्यांनी टाच बघितली, मग त्याच्याकडे बघितलं.

"कुणी थांबवलं तुला?"

"कुणी नाही, सर. मीच थांबतोय. तुकडी हवालदार नेतील."

"पाच दिवस उशिरा शहाणपण सुचलं," असं म्हणून त्यांनी यादीतलं त्याचं नाव खोडलं. "जा, पाण्याच्या गाडीवर बस."

विसाव्या किलोमीटरला त्याने आपल्याच तुकडीला पाणी वाटलं. रुमालाने मान पुसत एकेक जण पुढे येई. "साहेब, गाडीला धक्का बसत नाही ना?" "साहेब, टाचेखाली उशी देऊ का?" आईच्या गुडघ्यावाल्याने तर जाता जाता विचारलं, "पाय कसा आहे, साहेब? उद्या परत विचारीन. परवाही." शेवटच्या माणसाने रेघ ओलांडली तेव्हा आठ तासांना सात मिनिटं कमी होती. बत्तीसच्या बत्तीस पास.

नियम तो नियम. तुकडी हवालदारांकडे गेली आणि भाच्याला एक शेवटची संधी मिळाली: येत्या महिन्यात नव्या भरतीच्या जवानांबरोबर मार्च. नेतृत्व नाही, ओळीत मधे चालायचं, अठरा वर्षांच्या पोरांबरोबर. तिथला एखादा हवालदार सगळ्यांचे पाय बघेल, त्याचेही.

"आणि तेही जमलं नाही तर?" मी विचारलं.

त्याने पट्टीचं सुटलेलं टोक खोचलं. "तर तुकडी दुसऱ्याची," तो म्हणाला. "पण आत्या, खरी धास्ती ती नाही. त्या दिवशी माझ्या तुकडीने सुट्टी मागून घेतली आहे. बत्तीसही जण रस्त्याच्या कडेला उभे राहून बघणार आहेत. बाकडी घेऊन."