प्रमोदची चौदा खोकी

प्रमोदची चौदा खोकी कॉमिक्स माझ्यामुळे रद्दीत गेली.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून शाळेच्या ग्रुपवर जो तो 'आपला खरा सुपरहिरो' असं टाकतोय. कृपा करून बंद करा. त्याला हे अजिबात आवडलं नसतं. तो नौपाड्यात चष्म्याच्या दुकानात कामाला होता, त्याला ॲसिडिटी होती आणि तो फार भांडायचा. सुपरहिरो कोणाला म्हणायचं यावरून तर हमखास.

सिनेमे बघून फॅन झालेल्यांना तो दारात उभं करत नसे.

कळव्याच्या त्याच्या घरी कॉमिक हातात घ्यायचं तर आधी हात साबणाने धुवायचे. मग पुसायचे. मग दोन मिनिटं थांबायचं. प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पिशवीत, मागे पुठ्ठा. मी एकदा फरसाण खाता खाता एक अंक उचलला, तर साहेब दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. चाळिशी उलटलेली आमची तेव्हा.

"ताकद वगैरे सोड रे," तो म्हणायचा. "सुपरहिरो म्हणजे घरच्यांशी रोज खोटं बोलणारा माणूस. त्यांच्या भल्यासाठी म्हणे. आणि दर वेळी फटका कोणाला? घरच्यांनाच."

मी म्हणायचो, पम्या, चित्रांची पुस्तकं आहेत ती.

यावर आणखी एक तास.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात त्याने मला जवळ बोलावलं. "काही झालं तर खोकी तुझ्याकडे. इकडेतिकडे वाटू नकोस. सगळी एकत्र राहू देत."

मी म्हटलं, "हो रे. पड आता गप."

हो म्हणालो होतो. हे लक्षात ठेवा.

दहाव्याला खाडीकिनारी पिंड ठेवले. एरवी कळव्यात कावळे हाकलून हात दुखतात. त्या दिवशी एक जण येऊन भिंतीवर बसला आणि नुसता बघत राहिला.

प्रमोदचे मोठे भाऊ विलासदादा पुढे झाले. "प्रमोद, आईला मी सांभाळीन." कावळा जागचा हलला नाही.

मेव्हणा म्हणाला, "ताईची काळजी करू नका भावजी." नाही.

मुलीच्या शिक्षणाचं झालं. गावच्या घराच्या वाटणीचं झालं. ऊन चढत होतं. गुरुजी म्हणाले, "कोणाला काही ठाऊक असेल तर बोला. मनात ठेवू नका."

मला ठाऊक होतं.

वीस-पंचवीस माणसं उभी. गावचे मामा, दुकानाचे मालक. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाचा जीव कॉमिक्समध्ये अडकलाय, हे त्यांच्यासमोर कसं बोलायचं? लाज वाटली.

आणि सगळंच सांगायचं तर फक्त लाज नव्हती. माझं घर वन रूम किचन. एकदा सगळ्यांदेखत शब्द दिला की चौदा खोकी घरी न्यावी लागणार. बायकोला काय सांगू, ठेवू कुठे, हा हिशेब मी तिथे, त्या पिंडासमोर उभा राहून करत होतो. माझ्या जिवलग मित्राच्या दहाव्याला.

मी गप्प राहिलो. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

सुजातावहिनी, प्रमोदची बायको, घाटावर आल्या नव्हत्या. दारातच त्यांनी विचारलं, "भावजी, शिवला का हो कावळा?"

विलासदादा काही बोलायच्या आत मी म्हटलं, "हो. लगेच."

त्यांनी डोळे मिटले. "सुटले बाई हे," म्हणाल्या. मला तेव्हा वाटलं, मी फार चांगलं काम केलं.

महिन्याभराने मन खाऊ लागलं, म्हणून गेलो. बायकोशी बोलून पलंगाखाली जागा केली होती. निदान चार खोकी तरी आणू म्हटलं. बघतो तर भिंत मोकळी.

"खरं सांगू का भावजी," वहिनी म्हणाल्या, "मला वाटत होतं ह्यांचा जीव त्या कॉमिक्समध्येच राहणार. कावळा अडला असता ना, तर मी एक खोकं हलवलं नसतं. पण तुम्ही म्हणालात लगेच शिवला. म्हटलं, ह्यांनी सोडलं, तर आपण कशाला धरून बसायचं. रडत रडत दिली हो."

मी चहा प्यायलो आणि निघालो.

मग रद्दीवाले पालथे घातले. कळवा, ठाणे, थेट कल्याणचं गोदाम. तिथला माणूस म्हणाला, "वो माल तो मिल में गया साब. अब तक गल भी गया होगा."

आज वर्षश्राद्धाच्या पंगतीत वहिनी सगळ्यांना सांगत होत्या, "ह्यांचं मन कशात अडकलं नव्हतं. कावळा लगेच शिवला." विलासदादा पानाकडे बघत राहिले. मी मान खाली घालून खीर संपवली. माझा मलाच इतका राग आलाय की घरी येऊन कपडेसुद्धा न बदलता हे लिहीत बसलोय.

वहिनी फेसबुकवर नाहीत, म्हणून इथे लिहायची हिंमत झाली. त्यांना सांगावं तर त्या स्वतःला दोष देत बसतील. न सांगावं तर त्या अशाच कौतुकाने सांगत राहतील आणि मी ऐकत राहीन. काय करायचं, मला खरंच कळत नाहीये. स्क्रीनशॉट मात्र कोणी पाठवू नका.

पम्या, तुला श्रद्धांजली वाहायला मला तोंड नाही, तरी वाहतो.

शिव्या घालायच्या तर मला घाल. वहिनींवर रागावू नकोस.

त्यांनी मला विचारूनच दिली रे ती.