आरशात बघून राखलेली आई

संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर चेटकिणी आणि जादूगारांचं दालन होतं. मेणाचे चौदा पुतळे. राजाला सल्ला देणारा पांढऱ्या दाढीचा जादूगार, माणसांची डुकरं करणारी बेटावरची बाई, शिशाचं सोनं करण्याच्या नादात घर जाळून बसलेला किमयागार, कुलूपबंद पेटीतून सुटणारा साखळदंडवाला. खटला भरून जाळलेल्या तिघी एका कोपऱ्यात. खिडकीजवळ विहिरीत ढकललेली चेटकीण. तिची गोष्ट प्रत्येक गाव आपलीच म्हणून सांगतं, म्हणून तिच्या पाटीवर नाव नव्हतं.

या सगळ्यांची देखभाल एकच बाई करायची. वय चौपन्न. संग्रहालयात तिला मेणबाई म्हणत. दार दहाला उघडायचं, ती सातला यायची. दाढ्या विंचरायच्या, काचेचे डोळे कापसाने पुसायचे, नाकपुड्यांतली धूळ रबरी फुग्याने उडवायची. जिन्याखालून पहारेकरी रोज विचारायचा, “काय म्हणतायत मंडळी?”

“तुझीच चौकशी चाललीय. एकाचा बेडूक करायचाय म्हणे.”

दिवसभरातलं तिचं बोलणं बहुतेक एवढंच. प्रेक्षक यायच्या आत ती मागच्या खोलीत गेलेली असे, आणि घरी दुसरं कोणी नव्हतं.

विहिरीतल्या चेटकिणीचा चेहरा तिच्या आईचा होता. आई इथेच झाडू मारायची. नवरा गेल्यापासून शेजारपाजारचे तिला चेटकीण म्हणत. तिची नजर लागते म्हणून पोरं घरात ओढून घेत. जुन्या कारागिराला चेहरा हवा होता, त्याने भीत भीत विचारलं. नाकात दोन नळ्या घालून ती प्लास्टरखाली निपचित पडून राहिली. उठल्यावर म्हणाली, “तिकडे फुकट चेटकीण म्हणतात. इथे निदान तिकीट काढून म्हणतील.”

वर्षभरात ती गेली. तिचा एकही फोटो नव्हता. थोरल्या मुलीचं नुकतंच लग्न झालं होतं. “सासरी कळलं तर मला कोण नांदवेल?” असं म्हणून तिने या इमारतीचं नाव टाकलं. धाकटी मात्र त्याच कारागिराच्या हाताखाली लागली. बहिणी लग्नकार्यात भेटत, जेवलीस का विचारत, आणि आपापल्या वाटेने जात. अशी एकतीस वर्षं गेली.

तिच्या नोकरीच्या सहाव्या वर्षी फळी कोसळून आईच्या चेहऱ्याचा साचा फुटला. तेव्हापासून चेहरा जपायचा तो हातानेच. उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी दालनातली थंड हवा बंद असे. गाल ओघळत, नाक घसरे. मेणबाई तापलेल्या सुरीने ते पुन्हा बसवायची. टेबलावर आरसा असे. कारागिराची शिकवणच होती: हाड कुठून कुठे जातं ते अडलं, तर आपल्या तोंडात बघायचं.

यंदा कार्यालयाने ठरवलं, दालनात चित्रफितींचे पडदे लावायचे, पुतळे वितळवायचे. व्यवस्थापक म्हणाला, “बाई, एक डोकं घरी न्या. बाकीचं मेण मेणबत्तीवाल्याला दिलंय.”

तिने घरातली उन्हापासून लांबची फळी रिकामी केली. मग बहिणीला फोन केला. “ताई, शनिवारी बंद होतंय. आईला एकदा बघून जा.”

“इतक्या वर्षांनी काय दिसणार त्यात?”

“दिसेल. मी राखलीय ना.”

ताई आली. तिचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, आता विचारणारं कोणी नव्हतं. जिना चढून तिला धाप लागली. दारात उभी राहून तिने चौदाही पुतळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, “कुठली?”

मेणबाईने बोट दाखवलं. ताई जवळ गेली, चष्मा पुसला, पुन्हा लावला.

“चिमे, ही तू आहेस.”

“काहीतरीच! नीट बघ.”

“नीटच बघतेय. आईचं नाक बसकं होतं. हनुवटीला खळगा होता, बोट मावेल एवढा. कुठेय तो?”

“उन्हाळ्यात सगळं घसरायचं, ताई. दरवर्षी बसवावं लागायचं.”

“कशावरून बसवायचीस?”

मेणबाईने मागे वळून पाहिलं. मागच्या खोलीचं दार उघडंच होतं, टेबलावरचा आरसा तिथून दिसत होता.

मग तिने पुतळ्याच्या डोक्यावरचं फडकं सोडलं आणि केस मागे सारले. फडक्याखाली असल्यामुळे कानांना कधी हात लावायची वेळच आली नव्हती. डाव्या कानाची पाळी खालपर्यंत चिरलेली होती.

ताई एकदम हसली. “हा तिचाच! तू ओढलं होतंस डूल, सात महिन्यांची असताना. केवढी किंचाळली होती! वर तुलाच पोटाशी धरून बसली, पोर घाबरली म्हणून.”

“मला कधी सांगितलं नाही तिने.”

“तुला कशाला सांगेल?”

ताईने त्या पाळीवर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग घड्याळ बघितलं. “बस चुकेल माझी. तू ये कधीतरी.”

“येईन.”

कधी, ते दोघींनीही विचारलं नाही.

सोमवारी वितळवायचं काम सुरू झालं. किमयागार पहिला गेला. विहिरीतल्या चेटकिणीचं डोकं मेणबाईने स्वतः भांड्यात सोडलं. त्याआधी तापल्या सुरीने दोन्ही कान काढून घेतले होते. शाबूत कान घरच्या फळीवर आहे. चिरलेला कापसात गुंडाळून, पत्र्याच्या डबीत घालून तिने ताईला टपालाने पाठवला.

त्याला आता पाच आठवडे झाले. डबी पोचल्याचं ताईने अजून कळवलेलं नाही.